‘हेत्वाभास’ आणि ‘तर्कदोष’ : दोन्ही एकच का?

प्रश्न : स्पर्धा परीक्षांत छोटा उतारा देऊन ‘या युक्तिवादातील दोष ओळखा’ असे विचारतात. या दोषाला काही मार्गदर्शक पुस्तकांत ‘तर्कदोष’ म्हटलेले असते, तर काहींत ‘हेत्वाभास’. हे शब्द समानार्थी मानावेत काय? आणि आधारविधानच खोटे असेल, तर तोही हेत्वाभास ठरतो काय?

उत्तर : हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु त्यांची व्याप्ती सारखी नाही. ‘हेत्वाभास’मधला ‘हेतू’ म्हणजे उद्देश नव्हे, तर साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे आहे ते, सिद्ध करण्यासाठी पुढे केलेले कारण होय. जे कारणासारखे भासते, पण ज्यात साध्य सिद्ध करण्याचे सामर्थ्य नसते, तो हेत्वाभास. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, त्याचे सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत असे पाच प्रकार सांगितले आहेत. शब्दाच्या दोन अर्थांचा गैरफायदा घेणे मात्र तेथे ‘छल’ या वेगळ्या सदरात येते. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, असे बोलणाऱ्याला म्हणायचे असताना ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारणे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आजच्या परीक्षेत हाही तर्कदोषच मानला जाईल, पण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, त्याला हेत्वाभास म्हणणार नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण विद्यार्थ्यांचे गुण बहुधा तेथेच जातात. ‘सर्व मासे झाडावर राहतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो’ या युक्तिवादातले पहिले विधान उघड खोटे आहे, तरीही युक्तिवादाचा केवळ आकार तपासणाऱ्या आकारिक तर्कशास्त्राच्या दृष्टीने तो वैध आहे, कारण आधारविधाने मान्य केली की निष्कर्ष टाळता येत नाही. याउलट ‘डेंग्यू झाला की ताप येतो, या रुग्णाला ताप आहे, म्हणून त्याला डेंग्यूच झाला आहे’ यातली दोन्ही आधारविधाने खरी असूनही युक्तिवाद अवैध आहे, कारण ताप हिवतापातही येतो. सत्य-असत्य हे विधानाचे गुणधर्म आणि वैध-अवैध हे युक्तिवादाचे, हा भेद येथे सांभाळावाच लागतो.

न्यायदर्शनात मात्र असा भेद केलेला नाही. ‘शब्द (म्हणजे ध्वनी) हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो’ यात हेतूच पक्षाच्या, म्हणजे ज्याच्याविषयी सिद्ध करायचे त्या शब्दाच्या, ठिकाणी नसतो, म्हणजेच आधारविधान खोटे असते, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हा स्वरूपासिद्ध नावाचा हेत्वाभासच आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर न्यायपरंपरेप्रमाणे पुष्कळदा ‘होय’ आणि आकारिक तर्कशास्त्राप्रमाणे ‘नाही’ असे येते. म्हणूनच परीक्षेच्या संदर्भात ‘तर्कदोष’ हाच शब्द वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरवणी प्रश्न : ‘नवा अधिकारी आला आणि पाऊस पडला, म्हणजे त्याचा पायगुण चांगला’ अशा दोषाला ‘काकतालीय न्याय’ म्हणावे काय?

उत्तर : नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर त्या योगायोगाला काकतालीय म्हणतात. योगायोग ओळखणाऱ्याचा तो शब्द आहे. दोष घडतो तो त्या योगायोगालाच कार्यकारणभाव मानण्यात. त्यामुळे ‘काकतालीय घटनेला कारण मानण्याचा दोष’ असे म्हणणे लांबट वाटले, तरी अचूक ठरेल.