बाबांचा रेडमी नोट ४: रूट करू का आहे तसाच जरा हलका करू?

बंड्या_बार्शीकर

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांकडं रेडमी नोट ४ आहे. २०१७ चा, स्नॅपड्रॅगन ६२५, ३ जीबी रॅम ३२ जीबी मेमरी. ते गावाकडं असतात. फोन आता इतका मंद झालाय की रिंग वाजते पण उचलायचं बटण स्क्रीनवर यायला चार रिंगा जातात, तोवर समोरचा ठेवून देतो आणि बाबा मलाच झापतात. बॅटरी ३० टक्के दाखवत असताना खाडकन बंद पडतो. नवीन घेऊन देतो म्हटलं तर ऐकत नाहीत आणि त्यांची कारणं ऐकली तर मलाही पटतात. ह्या फोनला वर आयआर (रिमोटसारखा इन्फ्रारेड दिवा) आहे, त्यावरून टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही चालवतात (मूळ रिमोट कुत्र्यानं चावून टाकला). आणि एफएम. रात्री हेडफोनची वायर लावून आकाशवाणी ऐकल्याशिवाय झोप नाही. असा दुसरा फोन आण म्हणतात, आणि दोन्ही असलेला बजेटमधला फोन शोधून शोधून मी दमलो.

यूट्यूबवर जो तो म्हणतोय रूट करा (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्या), कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाका, फोन नव्यासारखा. मला कमांड लाइनची भीती नाही, लिनक्स वापरतो. पण बाबांच्या फोनात बँकेचं ॲप आहे, ओटीपी सगळे ह्याच नंबरवर. अँड्रॉइड ७ आहे, एमआययूआय (रेडमीवाल्या शाओमीनं अँड्रॉइडवर चढवलेलं आपलं सॉफ्टवेअर) ११ वर अडकलाय, पुढचं अपडेट काही येणार नाही. दिवाळीला चार दिवस गावाला जातोय तेवढाच वेळ आहे. काय करू?

रॉमवेडा

अरे मिडो! (हे ह्या फोनचं कोडनेम.) रॉमवाल्यांचा लाडका फोन आहे हा, ह्याच्यासाठी जेवढी रॉम निघाली तेवढी भल्याभल्या महागड्या फोनांसाठी निघाली नाहीत. बिनधास्त लिनिएज टाक. सायनोजेनमॉड नावाचं जुनं रॉम २०१६ च्या डिसेंबरात गुंडाळलं तेव्हा त्याच लोकांनी पुढं हे सुरू केलं, साधं सरळ अँड्रॉइड, फालतू ॲप एक नाही.

फक्त चार दिवसांत बसवायचं असेल तर आत्तापासून तयारी लागेल कारण बूटलोडर (फोन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम, लॉक असला की दुसरं रॉम टाकू देत नाही) अनलॉक करायला शाओमीचं एमआय अकाउंट फोनला जोडून ठेवावं लागतं आणि मग त्यांचं अनलॉक टूल तुला कितीतरी तास थांब म्हणून सांगतं, कुणाला ७२, कुणाला १६८, कुणाला त्याहून जास्त. आणि ते टूल विंडोजवरच चालतं, तेवढ्यापुरता कुणाचातरी लॅपटॉप माग. अनलॉक झालं की फोनातला सगळा डेटा साफ होतो हे आधीच बाबांना सांगून ठेव. मग फास्टबूटनं (लॅपटॉपवरून फोनात लिहायची कमांड) टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी (रॉम टाकायला, बॅकअप घ्यायला वेगळा मेनू) टाकायची आणि इथं नव्वद टक्के लोक फसतात: टाकून झाल्यावर फोन नेहमीसारखा चालू नाही करायचा, पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून थेट रिकव्हरीतच जायचं, नाहीतर पहिल्याच बूटला एमआययूआय आपली जुनी रिकव्हरी परत आणून बसवतं आणि माणूस म्हणतो फ्लॅश झालंच नाही. आत गेल्यावर आधी ईएफएस आणि पर्सिस्ट (फोनची नेटवर्क वगैरेची माहिती ठेवणारे भाग) ह्यांचा बॅकअप घे, पेनड्राइव्हवर ठेव. ते गेलं तर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) गेला, मग फोनचा नुसता टॅब होतो. गुगलची ॲप हवी असतील तर तीही पहिल्या बूटच्या आधीच फ्लॅश करायची.

मृण्मयी_क

@रॉमवेडा, सगळं बरोबर, पण प्रश्न नीट वाचलास का? बँकेचं ॲप आहे म्हणतोय तो. अनलॉक्ड बूटलोडर दिसला की प्ले इंटेग्रिटीची (फोनशी छेडछाड झालीय का बघणारी गुगलची) तपासणी फेल, आणि मग बँकेची ॲप उघडतच नाहीत किंवा आज उघडतात आणि उद्या अपडेट आलं की बंद. त्यावर मॅजिस्क ह्या रूटच्या टूलचे मोड्यूल वगैरे टाकून लपवाछपवी करता येते पण ती दर दोन महिन्यांनी नव्यानं करावी लागते. तू स्वतःच्या फोनवर करशील रे, हौस आहे. गावातल्या वडिलांच्या फोनवर कोण करणार? आणि त्यांना हवं ते आयआर नि एफएम, तेच रॉमवर बेभरवशाचं.

रॉमवेडा

आयआर चालतो, प्ले स्टोअरवरून वेगळं रिमोटचं ॲप टाकावं लागतं एवढंच. एफएम रॉमवर अवलंबून, ते मान्य. बँकेचं पण मान्य 🙏

दुरुस्तीवाला_दाजी

आमचं दुकान आहे म्हणून सांगतो, पोरांनो तुम्ही लगेच सॉफ्टवेअरच्या मागं लागता. ३० टक्क्यावर बंद पडतोय म्हंजे बॅटरी गेलीय, त्याला लिनिएज टाका न्हायतर गंगाजल टाका. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, प्रोसेसरनं एकदम जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन आडवा. आकडा ३० दाखवतो पण त्याला काय अर्थ नसतो. ४१०० एमएएचची बॅटरी आहे ह्याला, मॉडेल बीएन४३. दुकानदार बीएन४१ काढून देईल, ती घेऊ नका, ती मीडियाटेकवाल्या नोट ४ ची, आपल्याकडं तो फोन अधिकृत आलाच न्हाई. कनेक्टर बघून घ्या. स्क्रीन कडेनं उचललेली दिसत असली तर बॅटरी फुगलीय, मग दिवाळीची वाट बघू नका, चार्जिंग बंद करा आजच.

दुसरं, मेमरी किती रिकामी हाय ते सांगा. ३२ जीबीत जर १ जीबी पण शिल्लक नसंल तर फोन रडणारच, त्याला लिहायला जागाच सापडत न्हाई.

बंड्या_बार्शीकर

दाजी, आत्ता बाबांना फोन करून विचारलं. शिल्लक ६०० एमबी 🤦 दोन सिम आहेत त्यामुळं कार्ड टाकायला जागा नाही, दुसरं सिम किंवा कार्ड असला स्लॉट आहे ह्याचा. आणि "क्लीनर, बूस्टर" नावाची तीन ॲप कुणीतरी टाकून दिलीत, रोज सकाळी बाबा देवपूजेसारखं ते बूस्ट दाबतात.

मृण्मयी_क

ती तिन्ही आधी उडव. रॅम मोकळी करणं हे काम अँड्रॉइड स्वतःच करतं, हे बूस्टर चालू ॲप मारतात, ती पुन्हा पहिल्यापासून उठतात आणि त्यात जास्त बॅटरी नि वेळ जातो. वर स्वतः कायम जागे.

आता माझी पद्धत सांगते, सासूबाईंच्या जुन्या फोनवर हीच केली, रूट न करता, बूटलोडरला हात न लावता. अबाऊट फोनमध्ये जाऊन एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा टिचक्या मार, डेव्हलपर ऑप्शन उघडतात, ते ॲडिशनल सेटिंग्जच्या पोटात असतात. तिथं यूएसबी डिबगिंग चालू. लॅपटॉपवर गुगलचे प्लॅटफॉर्म टूल्स घे, म्हणजे एडीबी (लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं टूल) आलं. मग पॅकेज मॅनेजरला अनइन्स्टॉल सांगायचं पण फक्त यूजर झिरोसाठी, म्हणजे मूळ एपीके (ॲपची फाइल) सिस्टिम पार्टिशनमध्ये जसंच्या तसं राहतं, बाबांच्या खात्यापुरतं ते ॲप नाहीसं होतं. म्हणून जागा फारशी वाढत नाही, मागं चालणारी गर्दी कमी होते. चुकलं तर त्याच एडीबीनं इन्स्टॉल एक्झिस्टिंगची कमांड देऊन परत आणता येतं. फॅक्टरी रीसेट केलं तर सगळंच परत येतं.

कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर (नको ती ॲप काढायचं टूल) आहे, नेक्स्ट जनरेशनवालं घे, ओपन सोर्स आहे आणि लिनक्सवर चालतं. त्यात प्रत्येक ॲपपुढं लिहिलेलं असतं, रेकमेंडेड, ॲडव्हान्स्ड, एक्स्पर्ट, अनसेफ. तू रेकमेंडेडच्या बाहेर पाऊल टाकू नकोस. मी टाकलं होतं. शाओमीचं फाइंड डिव्हाइस हे पॅकेज उगाच आहे असं वाटून काढलं, फोन रीस्टार्ट केला आणि लोगोवरच गरगर. बूटलोडर लॉक म्हणजे टीडब्ल्यूआरपी नाही, शेवटी स्टॉक रिकव्हरीतून वाइप डेटा केलं तेव्हा उठला, आणि त्यात सासूबाईंचे नातीच्या बारशाचे फोटो गेले. बॅकअप घेतला नव्हता ही माझी चूक. अजून दर बारशाला विषय निघतो.

आणि हो, यादीत एमआय रिमोट दिसेल आणि एफएम रेडिओ पण. त्यांना हात लावशील तर बाबा घरात घेणार नाहीत.

सोलापुरी_चादर

मृण्मयीताईंना +१. जागेसाठी: फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये जा, मीडियाच्या आत प्रत्येक फोल्डरमध्ये सेंट म्हणून एक फोल्डर असतो, बाबांनी जे जे गुड मॉर्निंग पुढं ढकललं त्या सगळ्याची आणखी एक कॉपी तिथं बसलेली असते. आमच्या पप्पांच्या फोनात नुसते सेंटमधले व्हिडिओ ५ जीबी होते. डेटाबेस फोल्डरमध्ये पण रोजचा एक बॅकअप असे सात दिवसांचे साठतात, ताजा ठेवून बाकीचे काढता येतात. फोटो काढायला ओटीजीची पिन आण, पेनड्राइव्ह थेट लागतो, पोर्ट मायक्रो यूएसबी आहे हे लक्षात ठेवून आण, टाइप सी आणशील.

बंड्या_बार्शीकर

गावाला पोचलो. बॅटरी येताना तालुक्यातूनच बदलून घेतली, बीएन४३ च मागून. आता अडलोय. एडीबी डिव्हाइसेस मारलं की यादी रिकामी. फोन चार्ज होतोय, डिबगिंग चालू आहे, लिनक्सला ड्रायव्हरचं झंझट नसतं म्हणतात. बाबा बाजूला बसून विचारतायत "झालं का?", दर पाच मिनिटाला.

दुरुस्तीवाला_दाजी

केबल बदला.

मृण्मयी_क

दाजी बरोबर. स्वस्त केबलीत डेटाच्या तारा नसतातच, नुसती चार्जिंगची असते. शेजाऱ्याकडून कुठल्यातरी फोनबरोबर आलेली केबल आण. आणि यादीत नंबर आला पण पुढं अनऑथराइज्ड दिसलं तर फोनच्या स्क्रीनकडं बघ, तिथं परवानगीची खिडकी आलेली असेल, ती ओके करायची.

बंड्या_बार्शीकर

केबलच होती!! चुलत्याच्या घरची आणली, लगेच दिसला, मग अनऑथराइज्ड पण आलं आणि ती खिडकी बाबांनी "कायतरी आलंय" म्हणून आधीच कॅन्सल केली होती. असो.

कालपासूनचा हिशोब देतो. सेंट आणि जुने व्हिडिओ मिळून ९ जीबी निघाले, म्हणजे जवळपास फोनचा एक तृतीयांश गुड मॉर्निंग होता. बाबांनी एकेक फोटो बघून "हा राहू दे, ह्यात दत्त आहेत" करत संध्याकाळ घालवली, शेवटी सगळे पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह देवघरात ठेवलाय. डीब्लोटरमधून रेकमेंडेडमधली २३ पॅकेजेस काढली, प्रत्येक पाचसहानंतर रीस्टार्ट करून बघितलं, फाइंड डिव्हाइसच्या जवळपास फिरकलो नाही. डेव्हलपर ऑप्शनमध्ये तिन्ही ॲनिमेशन स्केल अर्ध्यावर आणले, बाबांना हाच फरक सगळ्यात जास्त जाणवला, म्हणे प्रोसेसर बदलला का. फोन आता दुसऱ्या रिंगला उचलता येतो. रात्री ११ ला १०० टक्के होता, सकाळी ९४.

एक राहिलं. त्यांचं एक भजनांचं जुनं ॲप आहे, ते उघडतं पण आतलं काही लोडच होत नाही, सर्टिफिकेटची एरर. त्याचीच वेबसाइट फायरफॉक्समध्ये मात्र व्यवस्थित चालते. तारीख वेळ बरोबर आहे.

जुना_खोंड

तारीख बरोबर असेल तर हे रूट सर्टिफिकेटचं आहे (साइट खरी का ते फोन ज्यावरून ठरवतो ते मूळ सर्टिफिकेट, फोन रूट करण्याशी संबंध नाही). बऱ्याच छोट्या साइट लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं वापरतात, आणि त्यांचं आयएसआरजी रूट एक्स१ हे मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइडमध्ये ७.१.१ पासून आहे. तुमचा ७.०, म्हणजे अगदी उंबऱ्यावर अडखळला. मधली काही वर्षं जुन्या फोनांसाठी एक आडवाट काढून ठेवली होती, ती २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स आपली सर्टिफिकेटं स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरतो, फोनला विचारत नाही, म्हणून तिथं चालतं. सेटिंग्जमधून ते सर्टिफिकेट हातानं टाकता येतं, पण ७ पासून बहुतेक ॲप तसं टाकलेलं मानत नाहीत, त्यामुळं उपयोग होईलच असं नाही. वेबसाइटचा शॉर्टकट होमस्क्रीनवर काढून द्या, बाबांना फरक कळणार नाही. क्रोम मात्र ह्या अँड्रॉइडवर ११९ वर थांबलंय, बँकेचं काम ब्राउझरमधून करू देऊ नका.

हे वाचताना आठवलं, आमच्या वेळी फोनवर मराठी दिसायचंच नाही हो, नुसत्या चौकोनी डब्या. मग ऑपेरा मिनीच्या ॲड्रेसबारमध्ये ऑपेरा कोलन कॉन्फिग असं टाइप करायचं, खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा असा एक पर्याय असायचा, तो येस केला की सर्व्हर देवनागरीची चित्रं करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा, पान हळू यायचं, पण लोकलच्या दारात उभं राहून मराठी बातम्या वाचल्यात त्यावर. कुणाला आठवतंय का?

सोलापुरी_चादर

आठवतंय म्हणजे काय, कॉलेजात अख्ख्या होस्टेलला करून दिलं होतं, एका वडापावला एक फोन.

बंड्या_बार्शीकर

शॉर्टकट काढला, चाललं. बँकेचं ॲप चालू, टीव्ही चालू, आकाशवाणी चालू. सगळ्यांचे आभार, रॉमवेडा तुझे पण, माझा स्वतःचा जुना फोन पडून आहे त्यावर तुझी रेसिपी करणार.

पण एक नवीनच लचांड झालंय. बाबांनी पारावर सांगितलं, आणि सकाळपासून ओसरीवर तिघं फोन घेऊन बसलेत. दोघांचं जमेल. तात्यांचा मात्र अँड्रॉइड ४.४, व्हॉट्सॲप बंद पडलंय ते चालू करून दे म्हणतात. काही उपाय?

दुरुस्तीवाला_दाजी

न्हाई. व्हॉट्सॲपनं ४.४ चा सपोर्टच काढलाय, एडीबीनं ते होत न्हाई. जुनं एपीके कुठनं तरी शोधून टाकू नका, सुरू होतंय आणि लगेच अपडेट मागतंय. तात्यांच्या फोनात एफएम हाय का बघा.

बंड्या_बार्शीकर

आहे. हेडफोन शोधायला घरी गेलेत.