मदत हवी आहे: नळाच्या मीटरचं रीडिंग दुप्पट, पाणी जातंय कुठे?

नमस्कार मंडळी, प्लंबिंगमधलं किंवा पाणीपुरवठ्यातलं कळणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. घरात आम्ही चौघं, अर्धा इंची कनेक्शन, बिल दोन महिन्यांनी येतं. आत्तापर्यंत २६-२८ युनिट यायचे (१ युनिट म्हणजे १००० लिटर), यावेळी एकदम ५८ आलेत आणि वरच्या स्लॅबमध्ये गेल्यामुळे रक्कम तिपटीच्या वर गेलीय. सरकारी हिशोब माणशी रोज १३५ लिटरचा असतो, तो धरला तरी चौघांचे दोन महिन्यांचे साधारण ३२ युनिट होतात, मग वरचे २६ कुठले?

बिलावरचं रीडिंग मीटरशी जुळतंय, त्यामुळे रीडर चुकला असंही म्हणता येत नाही. पाणी पहाटे पावणेसहाला येतं, तासभर. परवा बॅटरी घेऊन मीटरपाशी बसले तर पाणी यायच्या आधी पाइपातून नुसता फुस्स आवाज आणि ते लाल चक्र गरागरा फिरतंय, नळाला थेंब नाही!! पाणी येईपर्यंत ३० लिटर पडले मीटरवर, म्हणजे हवेचे पैसे भरतोय आपण. पण रोजचे ३० धरले तरी दोन महिन्यांत १८०० लिटर, दोन युनिटसुद्धा नाहीत. मग अंगणातल्या नळाखाली २० लिटरची बादली दहा वेळा भरली, मीटरवर २०३ आले. टाकीचा कॉक आणि सगळे नळ बंद केले की चक्र थांबतं.

सासूबाई भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंड्यांना घालतात, आणि बिल आल्यापासून त्या स्वतःलाच दोष देतायत, ते बघवत नाही. मीटर तपासायला अर्ज करू का? मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह बसवता येतो का?

उत्तर: ताई, बादलीचा हिशोब जुळला म्हणजे मीटर चांगलाय. चक्र थांबतं म्हणजे टाकीपर्यंतची लाइनही चांगली, पाणी टाकीनंतर जातंय. आधी संडासचा फ्लश बघा. रात्री फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. आवाज येत नाही त्याचा, पण दिवसाला चार-पाचशे लिटर सहज जातं. वरच्या टाकीतही काठी घालून झोपताना आणि पहाटे पातळी मोजा. मीटरच्या आधीच्या पाइपाला स्वतः हात लावू नका, एअर व्हॉल्व्हसाठी ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर मीटरनंतरचा कॉक पाणी येईपर्यंत बंद ठेवा, मग हळू उघडा, बरीचशी हवा दुसरीकडून निघून जाते.

अपडेट: दादा, खालच्या संडासात दहा मिनिटांत केशरी रेघ दिसली. आधी सासूबाईंना नेऊन दाखवली. वॉशर उद्या बदलतोय, रोजचं रीडिंग वहीत लिहायला सुरुवात केलीय, आठवड्याने इथेच टाकते.