अनुभव धागा: अ‍ॅमस्टरडॅमचा तुमचा एक फोटो, आणि तो जमला कसा

पाणकावळी (धागाकर्ती)

उन्हाळा लागला की अ‍ॅम्स्टेलवीनला आमच्याकडे भारतातून पाहुण्यांची रीघ लागते. परत जाताना प्रत्येकाच्या फोनमध्ये तेच फोटो असतात. डामराकची पाण्यातून वर आलेली घरं, एक पूल, पुलावर टेकवलेली सायकल, सायकलच्या टोपलीत फुलं. त्यातला वाईट एकही नसतो, पण चार महिन्यांनी दाखवले तर कुणाचा कुठला हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. इथे राहणाऱ्यांनी, येऊन गेलेल्यांनी आपला एकच फोटो आठवायचा आणि लिहायचं: कुठे उभे होतात, महिना कुठला, वेळ काय, आणि तो लक्षात का राहिला. कॅमेऱ्याचं मॉडेल नाही सांगितलंत तरी चालेल. 'बघावीच अशी दहा ठिकाणं' मात्र नकोत, ती जालावर ढिगाने आहेत.

सुरुवात म्हणून नकाशाबद्दल थोडं. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळात फिरतात. खोदकाम १६१३ च्या सुमारास सुरू झालं आणि २०१० मध्ये हा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत आला. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर कालवा वळतो तसा उन्हाचा कोन बदलतो. जॉर्डान या जुन्या वस्तीच्या बाजूला कालवे साधारण उत्तर-दक्षिण जातात. तिथे सकाळी पश्चिम काठाच्या घरांवर ऊन असतं, संध्याकाळी पूर्व काठाच्या. दक्षिणेकडे तेच कालवे पूर्व-पश्चिम होतात आणि हिवाळ्यातलं खालून येणारं ऊन उत्तर काठाच्या घरांवर दिवसभर रेंगाळतं. माझा स्वतःचा फोटो शेवटी टाकेन. आधी तुम्ही.

उन्हातली_सावली

माझा फोटो जूनमधला, आई-बाबा आले होते तेव्हाचा. त्या दिवसांत इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो हे आईला फोनवर सांगून झालं होतं, पण तिला ते पटलेलं नव्हतं. साडेनऊला रस्त्यावर लख्ख उजेड बघून म्हणाली, "अगं, तुमच्याकडे दिवेलागण होते की नाही?"

झाली, पण ती निवांत झाली. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. ५२ अंश अक्षांशावर तो क्षितिजाला तिरका घासत जातो, त्यामुळे जूनमधला संधिप्रकाश पाऊण तास टिकतो. या पाऊण तासात एक वेळ अशी येते की आकाशाचा उजेड आणि पुलांच्या कमानींवरचे दिवे सारख्याच ताकदीचे होतात. आधी घेतलात तर दिवे फिके, नंतर घेतलात तर आकाश काळं ठिक्कर.

आम्ही छोटी इलेक्ट्रिक बोट भाड्याने घेतली होती. तिला परवाना लागत नाही, सुकाणू नवऱ्याकडे. हेरेनग्राख्तमधून जाताना रेगुलिअर्सग्राख्तचं तोंड लागतं, तिथे एकामागे एक सात पूल दिसतात. रस्त्यावरून बघितलं तर कठडे एकमेकांवर चढतात. पाण्याच्या पातळीवरून कमानीत कमान, कमानीत कमान अशी ओळ लागते. आई बोटाने पूल मोजत होती, बाबा म्हणत होते सहाच आहेत. दोघांची बोटं हवेत, तोंडं कॅमेऱ्याकडे नाहीत, भांडण रंगात आलेलं. तो फोटो आता सांगलीच्या घरी हॉलमध्ये आहे आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्यातले पूल मोजतो. मागे आणखी बोटी वाट बघत असतात, तेव्हा तिथे फार वेळ थांबता येत नाही हे ध्यानात ठेवा.

सरळसोट

पेशाने वास्तुविशारद, त्यामुळे थोडं लांबेल.

फोनमध्ये इमारती आपोआप 'सरळ' करण्याची जी सोय असते, ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये बंद ठेवा. इथली घरं मुळातच वाकडी आहेत. पुढे झुकलेली दिसतात ती बऱ्याचदा बांधतानाच तशी झुकवलेली. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद आणि शिडीसारखे उभे. सामान वर न्यायचं ते बाहेरून, माथ्यावरच्या तुळईला कप्पी लावून दोराने. भिंत पुढे कललेली असली की लोंबकळणारं कपाट खिडक्यांवर आपटत नाही. आजूबाजूला कललेल्या घरांची गोष्ट वेगळी. सगळं जुनं शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखालीच १३,६५९ खांब असल्याचं सांगतात. कुठे खांब कुजले, कुठे खचले, तसं घर शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललं. सॉफ्टवेअरने हे सगळं ओळंब्यात आणलं की उरतं ते एखाद्या नव्या टाउनशिपचं जाहिरातपत्रक.

माझा फोटो एखेलांटिअर्सग्राख्तवरचा. कुणीतरी घर बदलत होतं. हल्ली यासाठी बहुतेक ठिकाणी यांत्रिक शिडी येते, पण इथे दोर-कप्पीच होती आणि तिसऱ्या मजल्यापाशी एक हिरवा सोफा हवेत गिरक्या घेत होता. खालून मान वर करून काढला असता तर भिंती वर निमुळत्या झाल्या असत्या. मी पूल ओलांडून समोरच्या काठावर गेलो आणि फोनची लांब पल्ल्याची लेन्स लावली. कालव्याची रुंदी हे इथे फुकटात मिळणारं अंतर आहे, ते वापरा. घराच्या माथ्याचा आकारही मग नीट येतो: पायऱ्यापायऱ्यांचा, मानेसारखा, घंटेसारखा.

ट्रान्झिटवाला

मी इथे राहत नाही. विमान बदलताना मोठा थांबा होता, स्खिपोलहून रेल्वेने पाव तासात मुख्य स्टेशनवर. सगळे सांगतात म्हणून सकाळी डामराकला गेलो. ती घरं पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी पूर्ण सावलीत. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मग स्टेशनच्या मागून सुटणारी फुकट फेरी पकडली. ऑफिसला निघालेले लोक, कुणी सायकलवरून उतरलेलं नाही, एक पाय जमिनीवर, मागच्या डब्यात पोर झोपलेलं, समोर आय नावाच्या रुंद जलमार्गावरचं धुकं. कालवा एकही नाही, पण माझ्यासाठी अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे तो फोटो.

पानगळ

मे ते ऑक्टोबरमध्ये येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: घरांचे दर्शनी भाग तुम्हाला पूर्ण दिसणार नाहीत. काठांवर एल्मची झाडं आहेत, शहरभरात तीस हजारांच्या वर, आणि पानं आली की पहिल्या मजल्यापासून पुढे सगळा हिरवा पडदा. ज्यांना घरं हवीत त्यांनी नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये यावं. ढगाळ दिवस असला तर आणखी उत्तम, विटांचा रंग मऊ उतरतो. आकाश फ्रेममध्ये कमी घ्यायचं, एवढंच.

पण मला स्वतःला हवा असतो तो एप्रिलअखेर-मेचा आठवडा, एल्मच्या बिया झडतात तेव्हाचा. कागदी चकत्यांसारख्या, फिकट पोपटी. वारा सुटला की भुरभुरतात, पायऱ्यांच्या कडांना, सायकलींच्या सीटवर साचतात. पाण्यावर त्यांची साय धरते आणि बोट गेली की तिच्यामागे काळी रेघ उघडते. ब्राउअर्सग्राख्तच्या पुलावर उभं राहून तीच रेघ मिळाली मला. सकाळची वेळ, कालवा शांत, पहिलीच बोट, तीसुद्धा कचऱ्याची. सोबत आलेल्या मैत्रिणीला कचऱ्याची बोट फोटोत नको होती. माझं मत उलट आहे.

पुलावरचा_म्हातारा

चार गोष्टी कुणीतरी ठणकावून सांगायला हव्यात म्हणून लिहितो.

लाल फरसबंदीचा पट्टा हा सायकलींचा रस्ता आहे. तिथे उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला घंटी वाजते आणि ती प्रेमाची नसते. दुसरं, लाल दिव्यांच्या वस्तीतल्या खिडक्यांमधल्या बायकांचे फोटो काढू नयेत. खिडक्यांसमोरून पर्यटकांचे गट फिरवायलाही २०२० पासून बंदी आहे. तिसरं, इथे लोक पडदे लावत नाहीत, म्हणून त्यांचं जेवणाचं टेबल काही प्रदर्शन होत नाही. हाउसबोटींनाही हेच लागू, त्या अडीच हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत माणसं राहतात. चौथं, अ‍ॅन फ्रँकच्या घरात फोटो काढायला मनाई आहे. बाहेर रांगेत उभं राहून दात काढत सेल्फी घेणाऱ्यांना मनाई नाही, दुर्दैवाने.

फोटोचं विचाराल तर माझा एकही नाही. मी बघतो.

पाणकावळी

काका, मुद्दे मान्य, शेवटचा सोडून. तुमचा एका पुलावरचा फोटो मी स्वतः पाहिलाय!

जुन्या_काचा

माझा छंद जरा वेगळा आहे. याकोब ओली (१८३४–१९०५) नावाचा शिक्षक एकोणिसाव्या शतकात याच शहराचे फोटो काचेच्या निगेटिव्हवर काढत हिंडायचा. ते आता शहराच्या अभिलेखागारात आहेत आणि जालावर कुणालाही बघता येतात. मी त्यातला एखादा निवडतो, त्याची तिपाई कुठे असेल ते शोधतो आणि त्याच जागेवरून, जमलं तर त्याच ऋतूत, आजचा फोटो काढतो. जागा जुळवायची ती खिडक्यांच्या ओळीवरून. पुढच्या आणि मागच्या दोन घरांच्या कडा त्याच्या फोटोत जितक्या अंतरावर दिसतात तितक्याच माझ्या स्क्रीनवर दिसेपर्यंत पावलाने डावी-उजवीकडे सरकायचं. लोकांना वाटतं माझं काही हरवलंय.

सगळ्यात जास्त धक्का बसतो तो पाणी गायब झालेलं बघून. रोझेनग्राख्त १८८९ मध्ये बुजवला, न्यूवेझाइड्स फोरबुर्गवाल १८८४ मध्ये. जुन्या फोटोत जिथे होड्या आहेत तिथे आज ट्राम. माझा आवडता फोटो रोझेनग्राख्तवरचा आहे: पाऊस पडून गेलेला, रुळांमध्ये साचलेल्या पाण्यात वेस्टरकेर्क चर्चच्या मनोऱ्याचा निळा मुकुट उलटा पडलेला. कालवा बुजवून सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी प्रतिबिंबापुरता तो परत आला होता.

दुसरा गुरू ब्राइटनर. हा मुळात चित्रकार, पण कॅमेरा घेऊन रस्त्यात फिरायचा आणि त्या फोटोंवरून चित्रं करायचा. राइक्सम्युझियममध्ये त्याचं सिंगल कालव्यावरच्या पुलाचं चित्र आहे. एक बाई थेट आपल्या अंगावर चालत येते आणि चौकटीच्या खालच्या कडेने अर्धी कापली गेली आहे. आधी तिथे मोलकरीण होती. चित्राला नाकं मुरडली गेली, तेव्हा विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्याने तिची फॅशनेबल बाई केली. ते चित्र बघून मग त्याच पुलावर, पालेइसस्ट्राटच्या तोंडाशी, जाऊन उभे राहा. गर्दी फोटोत येते म्हणून कुरकुरणाऱ्यांना माझा हाच सल्ला असतो. माणसं बाजूला होण्याची वाट बघू नका, जवळ येऊ द्या.

रंगपेटी

जुन्या_काचा, वाचून लगेच अभिलेखागाराची साइट उघडली, आज स्वयंपाक होणार नाही बहुतेक. भर म्हणून: ग्रूनबुर्गवालवर स्टालस्ट्राटच्या लाकडी उचलपुलापासून झाउडरकेर्कचा मनोरा दिसतो, तोच देखावा क्लोद मोनेने १८७४ च्या सुमारास रंगवला. चित्र आज फिलाडेल्फियात आहे. आश्चर्य म्हणजे मनोरा, पाणी, दोन्हीकडची घरं आजही ओळखू येतात. फक्त पुलाला कुलपं लटकवून ठेवलीत प्रेमवीरांनी.

गोठलेली_मिशी

फेब्रुवारी २०२१. टाळेबंदी, रात्री संचारबंदी, घरात बसून सगळे वैतागलेले, आणि अचानक कालवे गोठले. प्रिन्सेनग्राख्तवर माणसं स्केटिंग करायला उतरली. बर्फ धरायचा तर पाणी हलता कामा नये, म्हणून नगरपालिका अशा वेळी काही कालव्यांवर बोटींना बंदी घालते. लहान मुलं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत तोल सांभाळायला शिकत होती. आपल्याकडचा पांगुळगाडाच तो.

माझा फोटो पुलाखालचा आहे. एरवी तिथे बोटीतून दोन सेकंदांत निघून जातो आपण. त्या दिवशी मी कमानीखाली चक्क उकिडवा बसलो होतो, कॅमेरा बर्फाला टेकवून. वरच्या विटांवर बर्फाचा निळा उजेड पडला होता आणि समोरच्या उजेडात स्केटिंग करणाऱ्यांच्या काळ्या आकृत्या. एक सूचना: पुलाखाली बर्फ पातळ असतो, स्थानिक माणूस उभा आहे का ते आधी बघायचं. त्या दिवसांत काही जण पाण्यात पडलेही.

नवखी

छान धागा! आम्ही डिसेंबरमध्ये दोन मुलांना घेऊन येतोय. दोन प्रश्न: अंधार लवकर होतो म्हणतात, मग फोटोंचं काय? आणि काही काठांवर लोखंडी पत्रे आणि टेकू लावलेले फोटोंत दिसतात, ते काय आहे?

पाणकावळी

नवखी, टेकूंचं आधी. धक्क्यांच्या जुन्या भिंती सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या, त्यातल्या बऱ्याच खिळखिळ्या झाल्यात. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवालचा धक्का पाण्यात कोसळला. तेव्हापासून डागडुजीने वेग घेतला आहे. तुमच्या वेळी कुठला काठ उघडा असेल हे इथे आल्यावरच कळेल. दिसला तर त्याचाही काढा, जुन्या_काचा यांच्यासारखं कुणीतरी शंभर वर्षांनी तोच शोधत येईल.

अंधाराचं म्हणाल तर डिसेंबर मुलांसोबत सोयीचा. साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे उन्हातली_सावली यांना जे रात्री साडेदहाला मिळालं ते तुम्हाला पाचला मिळेल आणि मुलं जेवायला वेळेत घरी. त्याच सुमाराला कालव्यांवर प्रकाशाच्या कलाकृतींचा महोत्सव असतो, २०१२ पासून दर हिवाळ्यात. बोटीच्या काचेतून त्याचे फोटो नीट येत नाहीत, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. काठाकाठाने चाला.

माझा फोटोही याच दिवसांतला. आम्स्टेल नदीवरचा मागेरे ब्रुग, हजारावर दिव्यांनी उजळलेला पांढरा लाकडी पूल, मी शेजारच्या पुलावर. ट्रायपॉड नव्हता, फोन कठड्यावर टेकवला आणि हातमोजा खाली दाबून धरला. ट्राम किंवा ट्रक गेला की अख्खा पूल थरथरतो आणि दिव्यांच्या रेघा वळवळतात, म्हणून ती जाऊ द्यायची. बोट गेली की पाणी शांत व्हायला आणखी थोडं थांबायचं. मी थांबले होते तेवढ्यात मागेरे ब्रुग मधोमध उघडला आणि एक मालवाहू बोट आरपार गेली. दोन्ही पाती वर, दिव्यांसकट. तो फोटो घेतला.

मुलांना बोटं उघडी राहणारे हातमोजे आणा. नाहीतर ती फोन मागतील आणि मोजे हरवतील.