काळा रंग आणि दाताचे वय

शार्कचा जीवाश्म दात जितका काळा तितका तो जुना, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. शार्कच्या जीवाश्म दाताचा रंग त्याच्या वयावर नव्हे, तर तो ज्या गाळात पुरला गेला त्यातील खनिजांवर अवलंबून असतो. फ्लोरिडातील पीस नदी फॉस्फेटयुक्त थरांतून वाहते, म्हणून तेथील दात बहुधा काळे किंवा करडे मिळतात. दात शोधायला पाणी उतरलेले असताना, म्हणजे हिवाळ्यात जावे, असा सल्ला देतात, तो मात्र अगदी योग्य आहे.

या नदीकाठच्या आर्केडिया गावाजवळ मी गुडघाभर पाण्यात उभा राहून लोखंडी गज तळात खुपसत असे. नुसती वाळू असली तर तो मुकाट आत जातो, खडी लागली की हाताला करकर जाणवते, आणि फावडे तेथेच घालायचे असते. चाळणीतील ओल्या खडीत सगळेच काळे दिसते, त्यामुळे रंगापेक्षा दाताच्या इनॅमलची (वरच्या कठीण आवरणाची) चकाकी आणि कडेचे बारीक करवती दाते शोधावेत. (ॲलिगेटरकडे अधूनमधून पाहावे, हे ओघाने आलेच.)

परवान्याचाही एक मुद्दा आहे. फ्लोरिडातील राज्य सरकारच्या जमिनीवर शार्कचे दात परवान्याशिवाय वेचता येतात. परंतु त्याच चाळणीत प्राचीन घोड्याची दाढ किंवा मॅमथच्या दाताचा तुकडा आला, तर तो ठेवण्यासाठी फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा परवाना लागतो, आणि पीस नदीत असे तुकडे खरोखरच सापडतात.