उकळलेलं पाणी टिकतं किती?

'पाणी उकळून भरून ठेवलं की काळजी मिटली' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू दिलं (2000 मीटरच्या वर राहत असाल तर 3 मिनिटं) की जंतू मरतात, हे खरंच. पण ते पाणी पुढे स्वतःचं रक्षण करत नाही. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं, उकळल्यावर तेही उडून जातं. मग एक ओला हात किंवा ओघराळं आत गेलं की पुन्हा जंतूंना रान मोकळं. मी स्वतः एकदा उकळलेलं पाणी रुंद तोंडाच्या पिंपात भरलं होतं. चौथ्या दिवशी आतून बोट फिरवलं तर कडेला बुळबुळीत थर! घरात लहान मूल होतं, पोटात गोळाच आला. तेव्हापासून अरुंद तोंडाचा, खाली तोटी असलेला कॅनच वापरते.

साठवायच्या पाण्यात क्लोरीन हवंच. बिनवासाचं, साबण नसलेलं 5-6 टक्क्यांचं साधं द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) लिटरला 2 थेंब टाकून ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, वरचं नितळ तेवढं कापडातून गाळून घ्या. गढूळपणात क्लोरीन वाया जातं. शेवटी किंचित वास यायला हवा, नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी 15 मिनिटं थांबा. आणि बाटलीवरची तारीख जरूर बघा, जुनं ब्लीच निकामी होत जातं. रसायनं किंवा इंधन मिसळलेल्या पाण्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही, ते पिऊच नका.