रहिमी जहाज आणि खलाशांचं नुकसान

समुद्रात जहाज पकडलं गेलं की नुकसान मालकाचं, असं आपण धरून चालतो. तेवढंच नाही हो. 1613 सालचं ‘रहिमी’ घ्या. जहांगीरची आई मरियम-उज-जमानी हिचं हे जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडलं आणि सुमारे 700 माणसांसकट गोव्याला नेलं. जहाजाकडे पोर्तुगिजांचाच कर्ताझ, म्हणजे समुद्रप्रवासाचा परवाना, होता! या परवान्यात नाखव्याचं नाव, बंदर, हत्यारं सगळं नोंदलेलं असायचं. रीतसर पैसे भरून घेतलेला कागद, आणि तोही कामाला आला नाही.

बादशहाने पोर्तुगिजांचा व्यापार रोखला, दमणला वेढा घालायला लावला. राजमातेच्या मागे अख्खी सल्तनत उभी राहिली. खलाशाच्या मागे कोण? त्या काळी खलाशांना पगाराखेरीज स्वतःचा थोडा माल जहाजावर न्यायची मुभा असे. कापडाचा एखादा गठ्ठा, बहुधा उसनवारीवर घेतलेला. जहाज गेलं की पगार बुडाला, गठ्ठा गेला, वर कर्ज तसंच. माणूस कैदेत आणि सावकार दारात. लाखोंच्या मालाचा हिशेब इतिहासात सापडतो, हा गठ्ठा मात्र कुठल्याच वहीत दिसत नाही. मला तोच जास्त छळतो.