मदत हवी आहे: कमी कष्टात घर स्वच्छ कसं ठेवता येईल?

नमस्कार मंडळी,

घराच्या साफसफाईबद्दल अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरात रांगतं बाळ आहे आणि सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाकून करायचं कुठलंही काम त्यांच्यावर टाकायचं नाही. वरकामाला कोणी मिळेल अशी सध्या तरी शक्यता नाही. परिणामी सगळी कामं सुट्टीवर ढकलली जातात आणि सुट्टीचा दिवस घासण्यापुसण्यात संपतो. बरं, बाळ दिवसभर फरशीवरच असतं, हाती येईल ते तोंडात घालतं, म्हणून 'आज राहू दे' असंही म्हणवत नाही.

सगळ्यात जास्त त्रास फरशीचा आहे. रोज पुसते, तरी संध्याकाळी पायाला चिकटपणा जाणवतो आणि उजेडात पावलांचे ठसे दिसतात. बाळ आहे म्हणून जंतुनाशक फ्लोअर क्लीनर सढळ हाताने घालते. दुसरं म्हणजे शेगडीच्या मागच्या टाइल्स आणि वरच्या कपाटांची दारं. तिथे मेणचट थर बसलाय, त्यावर धूळ चिकटून तो पिवळट-तपकिरी झालाय, साबणाच्या फडक्याने हलत नाही. तिसरं, बाथरूमचे नळ आणि काच. पाणी जड आहे, पांढरे डाग पडतात ते जातच नाहीत. आणि पसारा तर आहेच!

महागडी यंत्रं नकोत. रोज थोडक्यात काय केलं तर सुट्टीच्या दिवशी एवढं घासावं लागणार नाही, हे कळलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद

ताई, फरशीचं आधी सांगते, कारण तिथे तुमचं काम वाढणार नाही, उलट कमी होईल. चिकटपणा बहुधा क्लीनरचाच आहे. पाण्यात क्लीनर जास्त झालं की पाणी वाळतं आणि क्लीनरचा पातळ थर मागे राहतो. त्याला धूळ धरते, पावलं उमटतात, मग आपण आणखी क्लीनर घालतो. आठवडाभर नुसत्या कोमट पाण्याने पुसा, म्हणजे साचलेला थर निघेल. पहिले काही दिवस बादलीतलं पाणी किती गढूळ होतं बघा. नंतर बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, थेंबभर जास्त नाही.

दुसरं, बादल्या दोन ठेवा. एकीत पुसायचं पाणी, दुसरीत फडकं किंवा मॉप खळबळायचा. एकाच बादलीत सगळं केलं की तिसऱ्या खोलीपर्यंत आपण घाण पाणीच पसरवत असतो. आणि पुसण्याआधी केर नीट निघायला हवा. केस आणि धूळ ओल्या फरशीवर गेली की त्यांचा चिखल होतो.

रोज जंतुनाशक वापरायची गरज नसते. साध्या साबणाच्या पाण्याने मळाबरोबर बरेचसे जंतूही निघून जातात. घरात कोणाला उलटी-जुलाब झाले, बाळाची शी सांडली, तर तेवढ्या जागेपुरतं जंतुनाशक वापरा. तेव्हाही आधी घाण पुसून घ्या, मग ते लावून बाटलीवर सांगितलेला वेळ जागा ओली राहू द्या. लावलं आणि लगेच पुसलं तर त्याचा उपयोग होत नाही. बाळ परत तिथे रांगायच्या आधी ती जागा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालतो: घरातली बरीचशी धूळमाती चपला-बुटांबरोबर आत येते. दाराबाहेर खरखरीत पायपुसणं आणि दाराच्या आत दुसरं मऊ, पाणी शोषणारं पायपुसणं ठेवा. बाहेरचं मोठं घ्या, दोन्ही पावलं त्यावर पडली पाहिजेत. चपला दाराशीच काढायच्या. रांगतं बाळ असलेल्या घरात एवढ्या एका गोष्टीने जितकं काम वाचतं तितकं दुसऱ्या कशानेच वाचत नाही, असं माझं ठाम मत आहे. पायपुसणी मात्र झटकत राहा, भरलेलं पायपुसणं धूळ धरत नाही.

प्रतिसाद

स्वयंपाकघराबद्दल सविस्तर लिहिते, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

फोडणी-तळणाच्या वेळी तेलाचे बारीक कण वाफेबरोबर उडतात आणि भिंतीवर बसतात. ताजे असताना ते साधं तेल असतं, ओल्या फडक्याने निघतं. पण उष्णता आणि हवेमुळे ते दिवसेंदिवस घट्ट होत जातं आणि शेवटी रंगाच्या थरासारखं चिकटून बसतं. तुमच्या टाइल्सवर तेच झालंय, म्हणून साबण हरतो. तिथे नुसता जोर लावून घासू नका, हात दुखतील आणि टाइलला ओरखडे पडतील.

आता जुना थर काढण्याचं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवा, साधारण लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे. हातमोजे घालायचेच, सोड्याने त्वचा कोरडी पडून चरचरते. जुनं सुती फडकं त्यात बुडवून, हलकं पिळून टाइल्सवर चिकटवून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं दुसरं काम करा. फडकं काढाल तेव्हा थर मऊ झालेला असेल, बोटाने दाबलं तर सरकेल. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने तो खरवडा, साध्या पाण्याने दोनदा पुसा. खूप जाड थर असेल तर दुसऱ्यांदा तेच करा. हा सोडा अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, ते काळं पडतं. कपाटांची दारं लाकडी किंवा पॉलिशची असतील तर तिथेही नको. दारांना कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून पुसा, वेळ लागेल पण पॉलिश उतरणार नाही. पाणी कडांमध्ये मुरू देऊ नका, नाहीतर दारं फुगतात.

एकदा थर निघाला की पुढे रोजचं काम फार थोडं असतं. गॅस बंद केल्यावर शेगडी हात लावण्याइतकी निवली की ओटा, शेगडी आणि मागच्या टाइल्सचे खालचे दोन पट्टे ओल्या फडक्याने पुसायचे, बस. शेगडी कोमट असतानाच पुसली तर निम्म्या कष्टात होते. कपाटांच्या माथ्यावर जुने कागद अंथरून ठेवा, चिकट झाले की गुंडाळून टाकायचे आणि नवे अंथरायचे. चिमणी असेल तर स्वयंपाकाच्या आधी सुरू करा आणि झाल्यावरही पाचेक मिनिटं चालू ठेवा. तिची जाळी गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून भिजत टाकली की फारशी घासावी लागत नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात वाटीभर पाणी लाकडी चमचा घालून उकळा आणि दार थोडा वेळ बंदच ठेवा. वाफेने आतला सगळा चिकटा सुटतो, मग नुसतं पुसायचं.

प्रतिसाद

बाथरूमच्या डागांना व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावा. फसफसतं आणि सगळं निघतं.

प्रतिसाद

हे वाचून राहवलं नाही. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र केले की एकमेकांचा जोर संपवतात. फेस दिसतो, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. पांढरे डाग म्हणजे पाण्यातले कॅल्शियमचे क्षार, त्यांना नुसतं आम्ल लागतं. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशने बुडाशी घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा खराब होतो. व्हिनेगरचा वास सहन होत नसेल तर लिंबूसत्व पाण्यात विरघळवून वापरा, काम तेच होतं.

आणि कळकळीची विनंती, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा: ब्लीच कधीही कशातही मिसळू नका. व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा टॉयलेट क्लीनर (बहुतेकांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं) ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तरी विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हे जीवघेणं ठरू शकतं. एकापाठोपाठ एक वापरतानाही मध्ये खळखळून पाणी ओतायला हवं, खरं तर एका दिवशी एकच वापरावं.

ताई, बाळ रांगतंय, थोड्याच दिवसांत उभं राहील. सिंकखालच्या कपाटातल्या या सगळ्या बाटल्या आजच वरच्या, कुलूपबंद कपाटात हलवा. मूळ बाटलीतच ठेवा, पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटल्या लगेच वर ठेवल्या. ब्लीचबद्दल इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

फरशी नुसत्या कोमट पाण्याने पुसायला सुरुवात केली आणि पाणी खरोखरच दुधट-करडं निघालं! चिकटपणा उतरत चाललाय. एक विचारायचं होतं: आमच्या बेसिनचा ओटा संगमरवरी आहे, त्यावरही नळाभोवती पांढरे डाग आहेत. तिथे व्हिनेगर चालेल का? आणि पसाऱ्याबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद

संगमरवराला व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, काहीही आंबट लावू नका. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. आम्ल डाग खाईल आणि त्याबरोबर दगडाची चकाकीही खाईल, तो पांढुरका चट्टा मग पॉलिश केल्याशिवाय जात नाही. तिथे कोमट पाणी, सौम्य लिक्विड आणि मऊ फडकं. नळाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळताना एकही थेंब ओट्यावर पडणार नाही याची काळजी घ्या, किंवा त्या नळालाही साध्या लिक्विडवरच भागवा.

डाग मुळात पडू नयेत म्हणून एकच उपाय: पाणी वाळायच्या आत पुसणं. बाथरूमच्या काचेवर आणि भिंतीवर हाताचा छोटा वायपर टांगून ठेवा. जो शेवटी आंघोळ करेल त्याने वरून खाली चार-पाच हात फिरवायचे, अर्धं मिनिटही लागत नाही. नंतर पंखा चालू किंवा खिडकी उघडी ठेवा, ओल गेली की बुरशीही धरत नाही. साबणाच्या वडीने जड पाण्यात पांढरट मळ साचतो, लिक्विड बॉडीवॉशने सहसा तेवढा साचत नाही, तो बदल करून बघू शकता.

प्रतिसाद

पसाऱ्याबद्दल. आमच्याकडे जुळी मुलं आहेत, त्यामुळे हा विषय रोजचाच. पसारा आवरण्यात वेळ जातो तो वस्तू कुठे ठेवायची हे ठरवण्यात. जिला ठरलेली जागा नाही, ती टेबलावरच राहते. दर खोलीत एक उघडी टोपली ठेवा. झाकण नको, झाकण उघडायचा कंटाळा येतो आणि वस्तू झाकणावर साचतात. झोपायच्या आधी त्या खोलीत नको असलेलं सगळं टोपलीत टाकायचं आणि जाता-येता जागेवर ठेवायचं. खेळणी अर्धी बांधून वर ठेवा आणि अधूनमधून अदलाबदल करा, मुलांना ती नवीनच वाटतात.

सासूबाईंना हातभार लावायची इच्छा असेल तर बसून करायची कामं त्यांच्याशी बोलून ठरवा: कपड्यांच्या घड्या, फडकी लावून ठेवणं, बाळाची खेळणी पुसणं. माझ्या आईला कोणी काहीच करू देत नव्हतं तेव्हा ती खट्टू व्हायची. लांब दांड्याची सुपली आणि झाडू घेतला तर वाकावं लागत नाही, याचा फायदा तुम्हालाही होईल.

प्रतिसाद

धूळ झटकताना नेहमी वरून खाली: आधी जळमटं आणि पंखा, मग कपाटं, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून घेतला की धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. मायक्रोफायबरचं फडकं किंचित ओलं करून वापरा, कोरडं नाही. धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि फडकं धूळ व पाणी दोन्ही धरेनासं होतं.

धागाकर्ती

टोपल्या आणि वायपर आजच आणले. सासूबाईंना विचारलं, त्यांनी घड्यांचं आणि खेळण्यांचं काम स्वतःहून मागून घेतलं. सोड्याचं फडकं टाइल्सवर आता चिकटवलंय, दहा मिनिटांनी काढते आणि जमलं तर इथेच लिहिते.